खालच्या वस्तीची खुर्ची

माझ्या घराच्या दारात अधूनमधून एक बाई उभी असते. आत येत नाही, काही बोलत नाही. उजवा खांदा चौकटीला टेकलेला, फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली पोटाशी धरलेली, सगळा भार डाव्या पायावर. मी भाजी निवडत असते नाहीतर पेपर वाचत असते, बाहेर लख्ख ऊन असतं. मी मान वर करते आणि दार रिकामं असतं. सूनबाईला वाटतं, मला भास होतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना वाटतं, मोतीबिंदू. मी दोघांनाही हो म्हणते. बेचाळीस वर्षं झाली, आता कोणाकोणाला समजावत बसू?

ती बाई मेलेली नव्हती. निदान मेल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं. तिला मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं आणि तेव्हा मी तिच्याच वतीनं बोलत होते.

हे नीट सांगायचं तर आमच्या बुधवारच्या बैठकीपासून सांगायला हवं. मी तेव्हा मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघराची सुपरवायझर होते. रोज हजार-बाराशे चादरी, डॉक्टरांचे डगले, ऑपरेशनची हिरवी कापडं. त्यांचं साबणाचं पाणी मागच्या नाल्यातून नदीत जायचं. शेजारी कापड रंगवायची गिरणी, तिचं पाणीही नदीतच. पाणीखातं जरा वरच्या अंगाला त्याच नदीतून गावाचं पाणी उचलायचं आणि कॉलेजचे लोक त्या नदीवर निबंध लिहायचे. एका वर्षी तीन दिवस मासे पोट वर करून वाहत आले. मग हुकूम सुटला की, या चार संस्थांनी एकेक माणूस द्यायचा, दर बुधवारी अकराला एकत्र बसायचं आणि नदी टिकेल असं काहीतरी मिळून करायचं.

गिरणीकडून रंगमास्तर आले. धिप्पाड माणूस, नखांत कायमचा निळा रंग. पाणीखात्याचे पाणीसाहेब, काडीसारखे, प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘साधारणपणे’ अशी. कॉलेजातून रसायनशास्त्राच्या बाई. त्यांना आम्ही रसायनबाई म्हणायचो आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. चौथी मी. पंपघराशेजारच्या ओल आलेल्या खोलीत आम्ही बसायचो. खिडकीत रसायनबाईंच्या नमुन्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. कॉलेजच्या मुली बैठक चालू असतानाच येऊन त्या ठेवून जायच्या.

पहिलं वर्ष नुसतं भांडणात गेलं.

“तुमच्या साबणाचा फेस बघितला का?” रंगमास्तर मला म्हणायचे. “नदी दाढी करायला बसल्यासारखी दिसते.”

“आणि मंगळवारी तुम्ही लाल रंग सोडता, तेव्हा वस्तरा लागल्यासारखी,” मी म्हणायचे.

“साधारणपणे दोघंही दोषी आहात,” पाणीसाहेब म्हणायचे आणि मग आम्ही दोघं मिळून त्यांच्यावर तुटून पडायचो.

स्वच्छ पाणी म्हणजे काय, यावरसुद्धा एकमत नव्हतं. रंगमास्तरांना स्वच्छ म्हणजे ज्यानं कापडावर डाग पडत नाही ते. मला, ज्यात साबण नीट फेसाळतो ते. पाणीसाहेबांना, जे पिऊन माणूस आजारी पडत नाही ते. रसायनबाई म्हणायच्या, स्वच्छ असं काही नसतंच, किती अस्वच्छ तेवढं विचारा.

शेवटी त्याच एकदा वैतागल्या. “तुम्हाला एकमेकांचं काम येत नाही, म्हणून एकमेकांचं बोलणं कळत नाही. आठ-आठ दिवस एकमेकांकडे जाऊन राबा, मग भांडा.”

आम्ही खरोखरच राबलो. मी गिरणीत गेले. रंगवलेलं कापड पाचव्यांदा धुतल्यावरचं पाणी हौदातून सुटताना पाहिलं. नितळ, वाफाळतं पाणी सरळ गटारात चाललेलं.

“अहो, हे फेकता?” मी ओरडलेच. “मला द्या की! माझ्या चादरी भिजवायला होईल.”

रंगमास्तर माझ्याकडे बघत राहिले. वीस वर्षं ते गरम पाणी सोडून देत होते आणि वीस वर्षं मी भिंतीपलीकडे कोळसा जाळून पाणी तापवत होते. तीन महिन्यांत नळ टाकला. मग ते माझ्याकडे आले. रक्ताच्या चादरी त्यांनी हातानं चोळल्या. चौथ्या दिवशी म्हणाले, “बाई, फेसावरून तुम्हाला पुन्हा काही बोलणार नाही.” आणि खरंच बोलले नाहीत. पाणीसाहेब तर रंगाच्या हौदात पडता पडता वाचले. महिनाभर त्यांचा एक कान हिरवा होता.

आयुष्यात इतकं मी कधी शिकले नाही. शाळेत नाही, घरात नाही. चार वर्षांनी नदीत मासे दिसू लागले. बुधवारी सकाळी मी साडी जरा बघून नेसायचे आणि माझे मालक मला चिडवायचे, “आज तुमच्या नदीचा दिवस वाटतं.”

खुर्चीची कल्पनाही रसायनबाईंचीच. नदीच्या खालच्या अंगाला, गावापासून तीन मैलांवर एकोणीस घरांची वस्ती होती, विटा पाडणाऱ्यांची. आम्ही जे काही नदीत सोडू, ते त्यांच्या दारावरून जाणार. त्यांना आम्ही दोनदा पत्रं पाठवली. पण बुधवारी अकरा वाजता ती माणसं भट्टीवर असायची. कोणी आलं नाही. बैठकीची वेळ बदलावी, हे आम्हा चौघांपैकी एकालाही सुचलं नाही.

“मग एक खुर्ची त्यांची ठेवू,” रसायनबाई म्हणाल्या. “दर वेळी आपल्यातला एक जण तिथे बसेल आणि त्यांच्या जागी बोलेल. खुर्ची नाही म्हणाली, तर ठराव नाही.”

पंपघरातली एक वेताची खुर्ची आणली. पहिल्यांदा पाणीसाहेब बसले. घसा खाकरून म्हणाले, “साधारणपणे आम्ही खालची माणसं...” आणि आम्ही हसून हसून बेजार झालो. रंगमास्तर बसले की त्यांना नुसता घाम फुटायचा. मी बसले तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मी डोळे मिटले. एकदा बसमधून ती वस्ती पाहिली होती, एक विहीर, तिच्यावरचा रहाट आणि वाळत घातलेलं एक पातळ. तेवढ्यावरून मी बोलू लागले आणि बोलतच गेले. दोराची ओढ, कळशीचा भार, सासूचा खोकला. माझा आवाजसुद्धा बदलायचा म्हणे.

“तुमच्या अंगात येतं हो,” रंगमास्तर एकदा घाबरून म्हणाले होते.

मला त्याचा अभिमान वाटला. पुढे पुढे सगळे आपली पाळी मलाच देऊ लागले. मी चालत येताना वाटेत वाक्यं जुळवू लागले. त्या वस्तीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. गरजच वाटली नाही. त्यांचं सगळं मला येत होतं ना!

सहाव्या वर्षी, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर गिरणीच्या टाकीला तडा गेला. रंगाचं पाणी आधी या टाकीत निवायचं, गाळ खाली बसायचा, मग नदीत जायचं. टाकी बांधून काढायला दोन महिने लागणार होते. तोवर एकतर गिरणी बंद ठेवायची, म्हणजे चारशे माणसं घरी. नाहीतर पाणी तसंच नदीत सोडायचं. रंगमास्तरांचा चेहरा त्या दिवशी पाहवत नव्हता. त्यांचे दोन भाऊ, एक मेहुणा, सगळे त्या गिरणीत.

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत मी होते.

मी बोलू लागले. “उन्हाळ्यात आम्ही नदीवर जातच नाही. तेव्हा तिथे असतं काय? दगडांमधली चार डबकी. आमची विहीर आहे. माझ्या सासूनं त्या विहिरीचं पाणी प्यालं, मी पिते, माझी मुलं पितील. तुमच्या चारशे घरच्या चुली विझवून आम्हाला काय मिळणार?”

याच वेळी दार उघडलं. रंगमास्तरांच्या खांद्यावरून मला ती दिसली. पंचविशीची असेल. पायांवर लाल माती, हातात फडक्यात गुंडाळलेली बाटली. रसायनबाईंनी मान न वळवता सांगितलं, “खिडकीत ठेव गं.” आम्हाला ती कॉलेजची वाटली. माझ्या मनात एवढंच आलं की, ऐकायला आणखी एक माणूस आलं. मी आवाज थोडा चढवला.

“दोन महिने आम्ही नदीकडे पाठ करून बसू,” मी म्हणाले. “पण पाऊस पडायच्या आत टाकी तयार पाहिजे. एवढा शब्द द्या.”

रंगमास्तरांनी चक्क डोळे पुसले. टाळ्या वाजल्या. दारातल्या बाईचे ओठ एकदा हलले. तिनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. ती खुर्ची तिच्यासाठीच ठेवलेली होती आणि त्यात मी बसले होते. मग तिनं बाटली खिडकीत, ओळीच्या टोकाला ठेवली आणि गेली.

मला पहिली शंका आली ती चादरींवरून. सहाव्या आठवड्यात पोटाच्या वॉर्डातून चादरी दुप्पट येऊ लागल्या, मग तिप्पट. मी स्वतः वॉर्डात गेले.

“कुठले पेशंट हे?” मी सिस्टरना विचारलं.

“खालच्या वस्तीतले. सगळे एकाच विहिरीवरचे,” त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघून, “तुम्ही बसा बघू आधी.”

तीन माणसं गेली. वस्ती उठवून दुसरीकडे नेली. विहिरीवर लोखंडी झाकण बसलं. त्या गडबडीत रसायनबाईंना ओळीच्या टोकाची बाटली दिसली, फडक्याला विटांची लाल माती लागलेली. चिठ्ठी नसलेला नमुना तपासायचा नाही, असा त्यांचा नियम होता. म्हणून ती तशीच राहिली होती. त्यांनी बूच काढलं, बाटली नाकाशी नेली आणि माझ्या हातात दिली. विहिरीच्या पाण्याला गिरणीच्या रंगाचा वास होता. रंगाचं पाणी तसंच सोडायच्या आधीच भरलेल्या पाण्याला.

पाणीसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्या दिवशी ते ‘साधारणपणे’ म्हणाले नाहीत.

“पावसाळ्यात विहीर नदीला पाणी देते, उन्हाळ्यात नदी विहिरीला. जमिनीखालून. नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलोय मी हे.”

“मग बोलला का नाहीत?” रंगमास्तर ओरडले.

“बाई बोलत होत्या ना. मला वाटलं, त्यांची विहीर आहे, त्यांना माहीत असणार.”

*त्यांची विहीर.* खोलीत कोणीच ते दुरुस्त केलं नाही. त्या क्षणापर्यंत पाणीसाहेबांनाही तसंच वाटत होतं आणि, देवा, मलाही.

आम्हाला कोणी दोष दिला नाही. टाकी पावसाआधी झाली, दिलेला शब्द पाळला गेला. मासे पुन्हा आले. खुर्ची कोणीतरी पंपघरात परत नेऊन ठेवली. बैठक दोन वर्षं रडतखडत चालली. आता ते तिघंही नाहीत. आणि ती बाई मात्र दिसू लागली. बँकेच्या दारात, मुलाच्या लग्नात कार्यालयाच्या दारात, मालक गेले त्या दिवशी आमच्या दारात. दर वेळी तिचे ओठ एकदा हलायचे. ती काय सांगायला आली होती, एवढं एक मला हवं होतं. वस्ती जिथे हलवली, ते ठिकाण माझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर आहे. मी गेले नाही. धीर झाला नाही, असं लिहिलं की बरं दिसतं. खरं म्हणजे मी बेचाळीस वर्षं भाजी घ्यायलासुद्धा त्या बाजूला वळले नाही.

गेल्या महिन्यात माझी नात घरात उड्या मारतच आली. ती कुठल्याशा उपक्रमात आहे. सहा संस्था, कारखाने, बाजार समिती, शाळा, सगळे मिळून पाणी वाचवणार आहेत.

“आजी, जुन्या फायलीत तुझी खुर्ची सापडली! कसली भारी कल्पना आहे! आम्ही पण ठेवणार आहोत. तू येऊन सगळ्यांना दाखव ना, कसं बोलायचं ते.”

“फायलीत काय लिहिलंय?”

“तुझं भाषण. आणि शेवटी, टाळ्या.”

फाईल टाळ्यांपाशी संपत होती. पुढचं सगळं इस्पितळाच्या फायलींत, वेगळ्या कपाटात. मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं. मग तिनं विचारलं, “आणि ती काय सांगायला आली होती?”

“माहीत नाही.”

“विचारलं नाहीस?”

तिनं दोन फोन केले. दोन फोन. बाई जिवंत होती, त्याच नव्या वस्तीत होती.

आम्ही सकाळी गेलो. एका खोलीचं घर, शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेलं झबलं. बाईंचे केस पांढरे झालेले. त्या उठून उभ्या राहिल्या आणि सगळा भार डाव्या पायावर गेला. मला नाव-गाव विचारायची गरज उरली नाही. नातीनं कोण, कुठल्या ते सांगितलं. त्यांनी आम्हाला बसायला लावलं आणि दोन पेले पाणी आणून समोर ठेवलं. मी पेला हातात धरून राहिले.

“प्या,” त्या म्हणाल्या. “नळाचं आहे.”

मी प्यायले.

“त्या दिवशी तुम्ही आमच्या बैठकीत आला होतात,” मी म्हणाले. “मी खुर्चीत होते. तुम्हाला रागानं परत जावं लागलं. मला तुमची...”

“राग?” त्या चकित झाल्या. “राग कशाचा? तुम्ही किती छान बोललात. सासूचं, विहिरीचं. मला वाटलं, या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मोठ्या जागेवरची माणसं, यंत्रं असतील, तपासलं असेल. मलाच मेलीला कसला वास येतोय, असं झालं. म्हणून मी गेले.”

शिवणयंत्राच्या चाकावर त्यांनी हात ठेवला होता. चाक थोडं फिरलं आणि थांबलं.

“घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, विहिरीचं पाणी चांगलंय, तिथल्या बाई स्वतः म्हणाल्या. सासूबाई पीत नव्हत्या. घाण वास मारतंय म्हणायच्या. मी त्यांना हट्टानं पाजलं. पेला तोंडाला लावून. त्या तिघांत त्या होत्या.”

इतकी वर्षं माझी समजूत होती की, आम्ही तिचं ऐकलं नाही. तिनं माझं ऐकलं होतं, हे माझ्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. मी माफी मागायची म्हणून घरून वाक्यं जुळवून नेली होती. ती सगळी बाजूला ठेवली.

“तुम्ही काय सांगायला आला होतात?” मी विचारलं.

“आता काय उपयोग त्याचा?”

“उपयोग नाही. पण मी त्या दिवशी तुमच्या जागी बोलत होते. तुम्ही काय बोलला असतात, ते मला माहीत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नातीकडे. मग त्या उठल्या, पदर नीट केला आणि उभ्या राहूनच बोलू लागल्या. आवाज एकदम तरुण झाला. ही वाक्यं त्यांनी तीन मैल चालत येताना जुळवली होती आणि त्यानंतर रोज म्हटली असावीत, इतकी ती पाठ होती.

“नमस्कार. मी खालच्या वस्तीतून आले. विटांच्या गाडीवाल्यानं सांगितलं, तुमची टाकी फुटली. पाणी सोडणार असाल, तर उन्हाळ्यात सोडू नका. नदी भरलेली असते तेव्हा आमची विहीर गोड असते. नदी आटली की विहिरीला वास येतो. का येतो, ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. पण दर वर्षी येतो. तो वास म्हणजे...”

त्या थांबल्या. पुढचं पाठ नव्हतं, की बेचाळीस वर्षांपूर्वीही तो शब्द त्यांच्याजवळ नव्हता, कोण जाणे. ओठ हलले. मी कितीतरी दारांत पाहिले होते, तसेच.

“म्हणजे रसायनासारखा? गंजल्यासारखा?” माझी नात पुढे सरकून म्हणाली. “तुम्हाला असं म्हणायचंय का की—”

मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं असावं, कारण तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. पण गप्प बसली.

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं. बाई डोळे मिटून उभ्या होत्या आणि शब्द शोधत होत्या. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबून राहिलो.